जिममधला ढणढणाट: सोसायचा की बोलायचं?

कानसेन

आमच्या जिममध्ये गाणी वाजत नाहीत, अंगावर येतात. शेजारी उभा असलेला ट्रेनर "पाठ सरळ" म्हणतोय हे त्याच्या ओठांवरून ओळखावं लागतं. मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या अ‍ॅपमध्ये ट्रेडमिलपाशी ९२ ते ९५ डेसिबल दिसतात. बाहेर पडल्यावर बराच वेळ कानात बारीक शिट्टी वाजत राहते.

काउंटरवर सांगितलं की ठरलेलं उत्तर: "बाकी कोणाची तक्रार नाही, सर." मग तोंडदेखला आवाज कमी करतात आणि पुढचं गाणं लागेपर्यंत पुन्हा होता तिथे.

कोणती गाणी लावायची यावर मी चकार शब्द काढणार नाही. ती ज्याची त्याची आवड. पण आवाज किती मोठा आणि किती वेळ, हा आवडीचा प्रश्न नाही. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास अशी आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. आवाज १००वर गेला तर १५ मिनिटं. म्हणजे तासाभराचा व्यायाम आटोपेपर्यंत कानांचा दिवसभराचा कोटा संपलेला असतो. उरलेल्या दिवसातले हॉर्न आणि मिक्सर वेगळेच.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? कोणी बोलून काही फरक पाडून घेतलाय का?

दंडबैठक

असहमत. शांतता हवी असेल तर माणसाने घरी चटई पसरावी. चांगलं गाणं लागलं की तेवढाच व्यायाम कमी कष्टाचा वाटतो, यावर भरपूर संशोधन झालंय. संध्याकाळी येणारी मंडळी दिवसभर कामाने पिचलेली असतात, त्यांना तो धक्का लागतो. एका माणसाच्या कानांसाठी सगळ्यांनी कुजबुजत डेडलिफ्ट मारायचं का?

घामाघूम

इअरप्लग घाला, विषय संपवा.

मंदाक्रांता

मीही आवाजाच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे. नवीन होते तेव्हा जिममध्ये शांतता असती तर मी दुसऱ्या दिवशी फिरकलेच नसते. लागलेली धाप, वजन शेवटच्या वेळी उचलताना तोंडातून निघणारं ते कण्हणं, हातातून निसटून आदळलेलं डंबेल, सगळं त्या गोंगाटात झाकलं जातं. आजूबाजूला सराईत मंडळी आणि समोर भिंतभर आरसा असताना हे झाकण किती मोलाचं असतं ते नवख्या बाईला विचारा.

कानसेन

मंदाक्रांता, हा मुद्दा एकदम पटला. पण कण्हणं झाकायला ७५ डेसिबलही पुरतील. ७५ आणि ९५ यांतला फरक फक्त वीस आकड्यांचा दिसतो, पण ध्वनीची ऊर्जा तिथे शंभर पट झालेली असते. कानाला ती साधारण चौपट भासते. लोक फसतात ते इथेच.

दंडबैठक, कुजबुजायला कोणी सांगितलं? आणि गाण्याने कष्ट कमी वाटतात हे खरं, पण ते मुख्यतः हलक्या-मध्यम व्यायामात. जीव तोडून शेवटचा सेट मारताना शरीराची बोंब गाण्यापेक्षा मोठी असते, तिथे हा परिणाम बराच ओसरतो. शिवाय त्यात ठेक्याचा वाटा मोठा आहे. ठेका जलद असायला आवाज मोठा असावा लागत नाही.

आडवळण

@घामाघूम, इअरप्लग मी वापरतो, म्हणून लिहितो. फोमचे साधे प्लग वरच्या पट्टीतले आवाज जास्त अडवतात आणि बेस तसाच छातीत धडधडत राहतो. वर स्वतःचा श्वास आणि ट्रेडमिलवरचं प्रत्येक पाऊल डोक्यात घुमतं. घामाने ते सरकतात ते निराळंच. वादकांसाठी मिळतात ते प्लग बरे, सगळे आवाज साधारण सारखेच खाली आणतात, त्यामुळे बोलणंही कळतं. फोमचेच घालायचे तर बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायचे. बहुतेकजण नुसतेच दारात अडकवल्यासारखे ठेवतात आणि मग "काही उपयोग नाही" म्हणतात.

हेडफोन लावून जिमच्या गाण्यावर आपलं गाणं चढवणं हा मात्र सगळ्यांत वाईट उपाय.

लोखंडी_हात

मी ट्रेनर आहे. कुठे ते विचारू नका.

तुम्ही तासाभराने घरी जाता, मी पाळी संपेपर्यंत त्यातच असतो. ओरडून ओरडून घसा बसतो. बॅच संपल्यावर कोणी साध्या आवाजात बोललं की मला ते भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटतं. मालकांना सांगितलं तर म्हणतात, आवाज कमी केला की जिम मेल्यासारखी दिसते.

आवाज वाढतो कसा तेही सांगतो. संध्याकाळची पोरं आपला फोन ब्लूटूथला जोडतात. अर्ध्या तासात कान बधिर होतात, मग तेच गाणं त्यांना फिकं वाटायला लागतं आणि ती अजून दोन काड्या चढवतात. नंतर आलेल्या माणसाला दारातच फटका बसतो. त्यात आमच्याकडे एकच मोठा स्पीकर, तोही डंबेल रॅकच्या डोक्यावर. पलीकडच्या सायकलवाल्यांना ऐकू जावं म्हणून रॅकपाशी उभ्या असलेल्यांचे कान किटवायचे. काच आणि काँक्रीटमध्ये आवाज मुरत नाही, नुसता फिरत राहतो.

दंडबैठक

लोखंडी_हात, तुमच्याबद्दल वाद नाही. मालकाने तुमची सोय केलीच पाहिजे.

पण कानसेन यांचा हिशेब मेंबरला जसाच्या तसा लागू होत नाही. नायॉशची मर्यादा रोज ८ तास, आठवड्याचे ५ दिवस, अशी ४० वर्षं नोकरी करणाऱ्यासाठी काढलेली आहे. आठवड्यातून चारदा तासभर येणारा माणूस त्यात कुठे बसतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या जागांसाठी मानक काढलं, त्यात वरची मर्यादा १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल अशी आहे. तुमचे ९५ त्याच्या आतच आले की! तेही मोबाइलच्या अ‍ॅपचे. त्या अ‍ॅपवर किती भरवसा ठेवायचा?

कानसेन

अ‍ॅपचं मान्य, दोन-चार डेसिबल इकडे-तिकडे होणारच.

२०२२चं मानक मात्र तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्यात आवाज सतत मोजत राहणं, कानांचं संरक्षण उपलब्ध करून देणं, कान विसावायला शांत जागा, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण हेही आहे. तुमच्या जिममध्ये यातलं काय आहे? आणि मैफलीला माणूस अधूनमधून जातो. नेहमीच्या ऐकण्यासाठी हीच संघटना प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास असं सांगते. तोच निम्म्याचा हिशेब ९५ पर्यंत नेला की उरतो सव्वा तास. आठवड्याचा, बरं का. तुमचे चार तास त्यात कसे बसवायचे ते सांगा.

आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. दंड दुखावला तर भरून येतो, या नाही.

मौनव्रत

मी श्रवणयंत्र वापरतो. जिममध्ये ते काढून पिशवीत ठेवावं लागतं, कारण त्या गदारोळात सगळ्याचा एकच काला होतो. मग बेंच प्रेसला मागे उभा असलेला माणूस "थांब, मी धरतो" म्हणाला तरी मला कळत नाही. आम्ही आता खुणा ठरवल्या आहेत, बारला दोनदा टिचकी म्हणजे सोड. माझं भागतं. पण ऐकू येणाऱ्यांनाही तिथे स्पॉटरचं बोलणं कळत नसेल तर प्रश्न फक्त कानांचा राहत नाही.

मंदाक्रांता

हे वाचून माझं मत थोडं हललं. थोडंच हं.

आडवळण

आमच्याकडे झालेला बदल सांगतो. "आवाज कमी करा" म्हणून कोणी ऐकत नव्हतं, म्हणून काहीजणांनी मिळून नेमकी मागणी केली. अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणावर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करून घेतली, त्यापुढे फक्त मॅनेजरने न्यायचं. बेस थोडा उतरवला. आणि कोपऱ्यातला स्पीकर काढून छताला चार लहान लावले, प्रत्येक हळू. गाणं आता सगळीकडे सारखं पोचतं. गर्दीच्या वेळी खूण ओलांडली जाते, नाही असं नाही, पण विचारता तरी येतं.

घामाघूम

चार स्पीकर! आमचा मालक तुटलेली केबल बदलत नाही.

दंडबैठक

खुणेची पट्टी चालेल. पण ती कुठे चिकटवायची हे सकाळच्या बॅचने एकट्याने ठरवायचं नाही, आणि वर्गणी वाढवायला मालकाला हे निमित्त मिळालं तर त्याचं उत्तर कानसेन यांनी द्यायचं.

कानसेन

देईन. पट्टी लावायच्या दिवशी तुम्ही मात्र ट्रेडमिलपाशी उभं राहायचं, काउंटरपाशी नाही.