मदत हवी आहे: सिबिल एकच, मग आकडे दोन का? (गृहकर्ज, ठाणे)

घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटसाठी ४८ लाखांचं गृहकर्ज. बँकेने काढलेला सिबिल स्कोअर ७४१. ७५०च्या आत म्हणून व्याज पाव टक्का जास्त सांगितलंय. पेमेंट ॲपवर ७८६ दिसतो, पण तो एक्सपेरियनचा, म्हणजे दुसऱ्या क्रेडिट ब्युरोचा (कर्जफेडीच्या नोंदींवरून स्कोअर देणारी संस्था). ब्युरो चार आणि प्रत्येकाचं गणित निराळं, त्यामुळे तो मुद्दा सोडून द्या.

अडलंय ते इथे: त्याच आठवड्यात सिबिलच्याच साइटवरून काढलेला स्कोअर ७५८ आहे. पॅन, खाती, कार्डाची मर्यादा सगळं तपासलं, चूक नाही. थकबाकी शून्य, कार्डाचा वापर १८ टक्के, वर्षभरात कर्जासाठी चौकशी ही एकच. माहिती आता पंधरवड्याला अपडेट होते म्हणून तेवढे दिवस थांबून पुन्हा काढला, तरी ७५८च. सहअर्जदाराचा ७९०, म्हणजे आकड्यांची अदलाबदलही नाही. बँक रिपोर्टची प्रत देत नाही, नुसता आकडा सांगते.

दुसऱ्या बँकेत अर्ज टाका असं कृपया सुचवू नका, आणखी एक चौकशी नोंदवायची नाही.

बँकेला सिबिलच्या स्कोअरची वेगळी आवृत्ती जाते का? जात असेल, तर आवृत्तीचं नाव बँकेच्या रिपोर्टवर कुठे छापलेलं असतं आणि ते लेखी मागायचं कोणाकडे: शाखेकडे, कर्ज विभागाकडे की थेट सिबिलकडे?