जिवाणू मीठ खात नाहीत

'जिवाणूखत टाकलं की खार जमिनीतलं मीठ कमी होतं' असं अनेकदा म्हटलं जातं, ते मला पटत नाही. मीठ जातं ते पावसाच्या पाण्याने धुऊन, तेही बांध शाबूत असतील आणि भरतीचं पाणी आत घुसत नसेल तरच. जिवाणूंचा उपयोग नक्की आहे, पण तो वेगळ्या जागी.

क्षारांचा ताण आला की भाताच्या रोपात इथिलीन हे वायुरूप संप्रेरक वाढतं आणि मुळांची वाढ खुंटते. स्यूडोमोनास, बॅसिलस या गटांतले काही जिवाणू इथिलीन ज्या पदार्थापासून बनतं तो पदार्थच फोडतात, एसीसी डिअमिनेज नावाच्या विकराने (एन्झाइमने). मीठ तिथेच असतं, पण मूळ वाढत राहतं. काही जिवाणू मुळांभोवती चिकट थर तयार करतात, त्यात थोडं सोडियम अडकतं. भात सगळ्यात नाजूक असतो रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात, म्हणून लावणीआधी रोपांची मुळं जिवाणूंच्या द्रावणात बुडवणं मला जास्त योग्य वाटतं. आणि वाण मुळातच खारं सोसणारा हवा: गोव्याच्या खाजनातला (बांध घातलेल्या किनारी खार शेतातला) कोरगुट किंवा आपल्या कोकणातला पनवेल ३. नाजूक वाणाला नुसते जिवाणू तारतील या भरवशावर कोणी राहू नये, हे मात्र कळकळीने सांगतो.