रिंग की पिंजरा? यात्रेतल्या एमएमए लढतींसाठी काय उभारू?

तापीकाठ
चोपडा तालुक्यातलं आमचं गाव. वैशाखातल्या यात्रेला दुपारी कुस्त्यांची दंगल ठरलेली. यंदा जळगावला एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी लढत) शिकणारी गावची पोरं मागे लागलीयत, दंगल उरकली की रात्री आमच्या चार लढती लावा म्हणून. यात्रा कमिटी कशीबशी तयार झाली, पण अध्यक्षांची एक अट आहे : "पिंजरा नको. पोरं आहेत, कोंबडे नाहीत."

मी स्वतःही रिंगवालाच. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून प्राइडच्या लढती पाहिल्यात. १९९७ ला टोकियो डोममध्ये सुरू झालेलं ते जपानी प्रकरण २००७ ला यूएफसी या अमेरिकी एमएमए कंपनीच्या मालकांनी विकत घेतलं आणि तिथेच ते संपलं. तशी मजा पुन्हा आली नाही. आपल्याकडे लोक सतरंजीवर बसणार, त्यांना जाळीतून काय दिसणार? शिवाय रिंग बॉक्सिंगवाल्यांकडून भाड्याने मिळते. पिंजरा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवूनच घ्यावा लागेल. माझं मत बरंचसं ठरलंय, तरी विचारतो.

लाल_माती
ठरलंय म्हणताय, तरी ऐका. मी चाळीसगावकडचा. २०१४, २०१५, २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी झालेला विजय चौधरी आमच्या तालुक्यातला. माझी पात्रता एवढीच, की तिथलीच माती अंगाला लागलीय.

एकदा एका शहरात (नाव घेत नाही) हौशी एमएमए लढत खेळलो. बॉक्सिंगचीच रिंग होती, चार दोरांची. समोरच्याचा दुहेरी पट काढला, म्हणजे दोन्ही पाय धरले, आणि पुढे रेटला. पट धरला की पाय थांबवायचे नाहीत, हे वस्तादांनी पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. दोन पावलांत दोर आले. तो खालच्या दोन दोरांमधून पाठीवर बाहेर, मी त्याच्यावर, कमरेपर्यंत बाहेर आणि पाय आत. खाली साडेतीन फुटांवर डीजेच्या पेट्या. त्याचं डोकं पेटीच्या कोपऱ्यापासून वीतभर लांब राहिलं. मला अजून तो पेटीचा लोखंडी कोपरा दिसतो, हिरवा रंग उडालेला. रेफरीने आम्हाला ओढून आत घेतलं, मधोमध उभं केलं आणि म्हणाला, चला. माझा पट गेला तो गेलाच, आणि तो वाचला तो नशिबाने.

बॉक्सिंगचे दोर उभ्या माणसासाठी बांधलेले असतात. आडव्या झालेल्या दोघांना ते धरत नाहीत.

तापीकाठ
पेट्या तिथे ठेवणाऱ्याचा दोष रिंगला कशाला? पाचवा दोर बांधू, दोरांना उभ्या पट्ट्या बांधू, कडेला चार धट्टीकट्टी माणसं उभी करू.

आणि पिंजऱ्याचं कौतुक पुरे. अर्धी लढत जाळीला चिकटून. एकाने दुसऱ्याला दाबून धरायचं, मांडीवर गुडघे मारत बसायचं, पब्लिकने शिट्ट्या मारायच्या. जाळी पकडणं फाउल आहे, पण जानेवारी २०१२ ला रिओत यूएफसीच्या लढतीत आल्डोने मेंडेसचा टेकडाउन (पट काढून पाडणं) जाळी धरूनच मोडला. गुण कापला गेला नाही, आणि पहिला राउंड संपायला सेकंद उरला असताना आल्डोने गुडघ्यावर त्याला झोपवला. खांब धरून कुस्ती वाचवणाऱ्याला आपल्या पंचांनी हौदातून हाकललं असतं.

केळीचं_घड
पिंजरा माणसाला आत ठेवतो, एवढं मात्र कुणी म्हणू नका. ६ ऑक्टोबर २०१८, लास वेगास. यूएफसीच्या लढतीत खबीबने मॅकग्रेगरला चौथ्या राउंडमध्ये शरण आणलं आणि मग स्वतःच जाळीवरून उडी टाकून बाहेर, मॅकग्रेगरच्या माणसांच्या अंगावर. आमच्या रावेरला केळीच्या बागेला तशीच तारेची जाळी आहे. डुकराला अडवते. पैलवानाची गॅरंटी नाही.

आखाजीचा_झोका
कसाले रिंग नि कसाले पिंजरा? आखाडामा दोर नही, जाळी नही, तरी आजलोंग कुस्ती चालनी ना भो? बाहेर गयात का पंच म्हनस, मझार या. बस.

लाल_माती
भो, मातीत कुणी कुणाला ठोसे मारत नाही. बुक्की खाऊन मागे सरकणारा माणूस लोकांच्या मांडीवर जाऊन पडेल, त्याच्यामागे दुसरा ठोसे मारत येईल. पुढच्या रांगेत म्हातारी माणसं आणि लेकरं असतात आपल्याकडे.

धुळ्याची_निशा
अध्यक्षांचं कोंबड्यांचं वाक्य जुनंच आहे. १९९६ ला अमेरिकेत जॉन मॅकेन नावाच्या सिनेटरने याला माणसांची कोंबडझुंज म्हटलं आणि पन्नासही राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. तेव्हाची यूएफसी होतीच तशी. १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरला पहिला खेळ झाला तेव्हा वजनगट नव्हते, हातमोज्यांची सक्ती नव्हती.

मी रिंगच्या बाजूने आहे, पण माझं कारण वेगळं. माझी भाची हे शिकते. तिच्या आजीने मोबाइलवर जाळीच्या आतली लढत पाहिली आणि दोन दिवस पोरीशी अबोला धरला. रिंग तिला टीव्हीमुळे माहीत आहे, "ते बॉक्सिंगसारखं" म्हणून ती चालवून घेते. गावात पहिल्यांदा दाखवताय ना? मग पहिली नजर कशावर पडते याला किंमत आहे. जून २०२४ ला पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली, तीही जाळीच्या आतच, हे मी आजीला सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, ती जिंकली म्हणून बाहेर आली.

केळीचं_घड
आजींना दंडवत.

लाल_माती
ताई, आजींना राग येऊ नये म्हणून पोराचं डोकं पेटीवर आपटू द्यायचं का? थोडं कडू बोलतोय, माफ करा. पण भीती दिसण्यात आहे आणि धोका दुसरीकडेच. जाळी दिसायला भयानक, तरी पडणाऱ्याला ती झेलते. प्राइडमध्येच पाहा : ऑक्टोबर २००४ ला वांडरले सिल्व्हाच्या गुडघ्यांनी रॅम्पेज जॅक्सन बेशुद्ध झाला तो दोरांमध्ये लटकलेला, अर्धं अंग बाहेर. तापीकाठभाऊंना ती लढत आठवत असेलच, आवडतीही असेल.

तापीकाठ
आवडते. तुमचा मुद्दा कळला, बोचलाही.

लाइनमन
मी वीसेक वर्षं कबड्डीला पंच म्हणून उभा राहिलो, एमएमए पोराबरोबर बसून बघतो. तुमची भांडणं वाचून वाटलं की सगळे कडेबद्दलच बोलताय, पण कडेवर काय खेळलं जातं ते कुणी बघत नाही.

कबड्डीत कडेला लॉबीची पट्टी आहे. झटापट होईपर्यंत ती बाहेर, झटापट झाली की आत. मॅटवरच्या कुस्तीत नऊ मीटरचं वर्तुळ, बाहेर ढकललं की समोरच्याला एक गुण. मातीत कडेला काही किंमतच नाही, पंच मधे घेतो. म्हणजे कड बदलली की डाव बदलतात. पिंजऱ्यात कड ही भिंत असते. खाली पडलेला सरकत सरकत जाळीपाशी जातो, तिला पाठ लावतो, एक हात जमिनीवर, एक समोरच्याच्या काखेत, आणि इंच इंच वर चढतो. वरचा माणूस पाय ओढून त्याला परत खाली आणतो. तुम्ही ज्याला चिकटून बसणं म्हणता तिथे दोघांची सगळी ताकद जातेय. खबीबने नाव कमावलं ते याच जागेवर. रिंगमध्ये तीच धडपड केली की पाठीमागे दोर ढिला पडतो, डोकं बाहेर जातं, रेफरी थांबवतो, मधे आणतो. मधे आणताना पकड जशीच्या तशी कधीच लागत नाही. कबड्डीत चढाईवाला धरलेला असताना शिट्टी वाजवून "पुन्हा धरा" म्हणण्यासारखं आहे हे.

रिंगच्या बाजूनेही एक सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. चौकोनाला कोपरे असतात. कोपऱ्यात सापडलेल्याला पळता येत नाही, उभी मारामारी रंगते. तीस फुटी अष्टकोनी पिंजऱ्यात चांगल्या पायांचा माणूस गोल गोल फिरून अख्खा राउंड काढतो. नियमांत दोन्ही चालतं, रिंग वीस ते बत्तीस फुटांपर्यंत कितीही घ्या.

माझा प्रश्न साधा आहे. तुमची पोरं जळगावात सराव कशावर करतात?

तापीकाठ
विचारलंच नव्हतं. आता फोन केला. क्लासमध्ये रिंग नाही, पिंजराही नाही. एक हॉल आहे, खाली मॅट, दोन भिंतींना माणसाच्या उंचीपर्यंत गाद्या ठोकलेल्या. रोज शेवटची वीस मिनिटं त्या भिंतीला पाठ लावून उठायचा सराव. एक जण म्हणाला, "काका, दोर असतील तर मी पाठीवर पडल्यावर काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

धुळ्याची_निशा
मग झालंच. पोरीला कुणी ज्यावर शिकवलं नाही त्यावर मीही उभी करणार नाही. पण पत्रिकेवर पिंजरा शब्द नको.

आखाजीचा_झोका
"जाळीना आखाडा" लिखा. अध्यक्षले बी चालई.

तापीकाठ
अध्यक्षांना विचारलं. "आखाडा म्हणताय तर बघू" म्हणाले, पण नारळ जाळीला नाही, मातीतच फोडायचा. माझं मन अजून रिंगमध्येच आहे, हे सांगून ठेवतो. उद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जातोय. लाल_माती, त्याला काय काय सांगू?

लाल_माती
प्लॅस्टिकचं कोटिंग असलेलीच जाळी घ्या, उघडी तार पाठ सोलते. भोकं लहान, पायाचा अंगठा आत जाता कामा नये. जाळी जिथे खांबाला बांधतात तिथल्या तारेच्या गाठी आणि टोकं बाहेरच्या बाजूला. प्रत्येक खांबाला आणि वरच्या पाइपला जाड गादी. दाराला दोन कड्या, दोन्ही बाहेरून लागणाऱ्या, आणि दारापाशी एक माणूस पूर्ण वेळ. चौथरा दोन फुटांहून उंच नको, मागच्यांना खुर्च्या द्या.

आणि डीजे शाळेच्या भिंतीपलीकडे लावा.