घर रिकामं करायच्या आधी आई-बाबांचं बघा

(नौपाडा, ठाणे. पुनर्विकासाला निघालेल्या एका सोसायटीचा सभासद ग्रुप)

बी-७, सचिव: नमस्कार. कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या कराराची नोंदणी पुढच्या आठवड्यात आहे. पॅन, आधारच्या झेरॉक्स आणि फोटो ज्यांचे राहिलेत त्यांनी ऑफिसात आणून द्यावेत. ए-५ च्या काकांचे अजून आले नाहीत.

ए-५, सूनबाई: दादा, बाबांनी कागद जपून ठेवलेत, पण कुठे ते त्यांना आठवत नाहीये. मी शोधून देते. आणि एक स्पष्टच लिहिते. जिन्यात बोललं जातंय की काकांच्या आता काही लक्षात राहत नाही. हेच बाबा गेल्या गणपतीत वर्गणीचा हिशेब तोंडी सांगत होते. करार हातात आल्यापासून त्यांची झोप उडालीय. रात्री दोन वाजता उठून कलमं वाचत बसतात. बिल्डर मध्येच पळाला तर, भाड्याचे चेक वटले नाहीत तर, नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत मी असेन का... सकाळी विचारतात, मी गोळी घेतली का गं?

ए-२, काका: वयाचा भाग आहे, सूनबाई. सत्तरी उलटली की व्हायचंच. मनाला लावून घेऊ नका.

सी-१, डॉक्टर ताई: काका, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. एखादं नाव पटकन न आठवणं, चष्मा शोधत फिरणं, हे वयाने होतं. पण काही महिन्यांत घरच्यांना माणूस बदललेला दिसतोय, तर ते वयावर टाकून मोकळं होऊ नये.

ताणात मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन रक्तात येतं. तेवढ्यापुरतं आलं तर ते कामाचंच असतं. महिनोन्महिने चढं राहिलं तर मात्र मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला त्याचा त्रास होतो. नवी आठवण पक्की करायचं काम या भागाचं, आणि "आता कॉर्टिसॉल पुरे" हा निरोप धाडण्यातही त्याचा वाटा. म्हणजे तोच दमला की ब्रेकही सैल पडतो. १९९८ मध्ये माँट्रियलच्या सोनिया ल्युपियन आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्यांचं कॉर्टिसॉल वर्षानुवर्षं चढत जाऊन वरच राहिलं, त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा १४ टक्के लहान भरला आणि स्मरणाच्या चाचण्यांतही ते मागे पडले.

दुसरा अभ्यास २०१४ चा, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा. उंदरांवरचा आहे, म्हणून माणसाला जसाच्या तसा लावू नये. त्यातले २१ महिन्यांचे उंदीर म्हणजे आपल्याकडचे साधारण ६५ वर्षांचे. मघाशी कुठे वळलो ते लक्षात ठेवून पुढचं वळण घ्यायचं, अशी परीक्षा होती. ज्या म्हाताऱ्या उंदरांत ताणाचं हार्मोन जास्त होतं ते ५८ टक्के वेळा बरोबर वळले, आणि तितकेच म्हातारे पण हार्मोन कमी असलेले ८० टक्के वेळा. वय दोघांचं एकच होतं, काका. म्हणून मला "वयाचा भाग" हे उत्तर पुरेसं वाटत नाही.

ए-२, काका: पटलं. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? ताण तर नवं घर मिळेपर्यंत राहणारच.

बी-३, दादा: मला वेगळीच काळजी आहे. काकांना विसर पडतो हे ग्रुपवर आलं. उद्या कोणी म्हणेल, त्यांची सहीच धरू नका.

सी-१, डॉक्टर ताई: चांगलं विचारलंत. विसर पडतो म्हणजे समज गेली असं अजिबात नाही. त्या दिवशी त्या कागदात काय आहे हे कळतंय, त्याचे परिणाम समजतायत आणि स्वतःच्या मनाने ठरवता येतंय, एवढं बघायचं. उलट काकांना करार मराठीत, मोठ्या टायपात, सावकाश वाचून दाखवा. गर्दीत, घाईघाईत "इथे इथे सही करा" म्हटलं की तरुण माणूसही गोंधळतो.

बी-७, सचिव: मान्य. ज्येष्ठ सभासदांसाठी वकिलांना आदल्या दिवशी घरी बोलावतो. एकेकाला हवा तेवढा वेळ.

डी-४, आजी: मी स्वतः टाइप करते आहे उशीर लागतो. मुलगा म्हणतो घोडबंदरला मोठं घर मिळेल बिल्डर देतो त्या भाड्यात. इथे जवळपास घेतलं तर वन बीएचके. मला मोठं घर नको. इथे मला दूधवाला ओळखतो. घंटाळीच्या देवळात जाते, तलावपाळीला एक चक्कर मारते, वाटेत चार जणी भेटतात. तिकडे सोळाव्या मजल्यावर मी कोणाशी बोलू. रात्री उठले तर बाथरूम कुठल्या बाजूला तेही आठवायचं नाही. हे घरात बोलले तर म्हणतात आई तू फार विचार करतेस.

ए-५, सूनबाई: आजी 🙏 बाबांचंही अगदी हेच आहे. त्यांना बोलताच येत नाही एवढंच.

सी-१, डॉक्टर ताई: आजींनी लिहिलंय ते सगळ्या मुलांनी दोनदा वाचा. रोजचा रस्ता, ओळखीची दुकानं, ठरलेली वेळ यांवर म्हातारपणी स्मरणाचा बराच भार टेकलेला असतो. तो आधार एका दिवसात काढून घेतला की आतापर्यंत झाकलेला विसर एकदम उघडा पडतो. डिमेन्शियाबद्दल (म्हणजे स्मृतिभ्रंशाबद्दल) लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४ चा अहवाल आहे. टाळता येण्याजोगी १४ कारणं त्यात दिलीत. एकटेपणा, नैराश्य, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, रक्तदाब, मधुमेह ही त्यातलीच. तेव्हा मोठं घर मिळतं म्हणून लांब जायचं ठरवत असाल तर हाही खर्च हिशेबात धरा. एक खोली कमी चालेल, पण आईची माणसं जवळ हवीत, असं माझं ठाम मत आहे.

पण सगळा दोष ताणावर टाकून घरी बसू नका. ए-५ च्या काकांना आधी फिजिशियनकडे न्या. व्हिटॅमिन बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम रक्तात बघून घ्या. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी सापडतं, आणि वेळेत भरून काढलं तर विसर कमीही होतो. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. झोपेच्या काही गोळ्या आणि सर्दीच्या काही जुन्या प्रकारच्या गोळ्या ज्येष्ठांचं डोकं जड करतात. कोणाच्या सांगण्यावरून झोपेची गोळी सुरू करू नका, आणि रोजची चालू असेल तर मनाने एकदम बंदही करू नका. नैराश्यही विसरासारखंच दिसतं. त्यासाठी आपल्या ठाण्यातच आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. नुसतं बोलायचं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागला, किंवा पडल्यानंतर गोंधळलेला वाटला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा.

ए-५, सूनबाई: बाबा मेटफॉर्मिन बारा-पंधरा वर्षं घेतायत. उद्याच तपासणी करते. कागद सापडले दादा, देवघराच्या खणात होते. संध्याकाळी आणते.

डी-४, आजींचा मुलगा: आईचा मेसेज ऑफिसात वाचला. घोडबंदरच्या घराचं टोकन अजून दिलेलं नाही, देणारही नाही. डी-३ च्या काकू आणि आई एकाच बिल्डिंगमध्ये राहतील असे दोन वन बीएचके नौपाडा किंवा पाचपाखाडीत हवेत. लिफ्ट पाहिजे, पहिला-दुसरा मजला असेल तर उत्तम. कोणाच्या ओळखीचा एजंट असेल तर मला फोन करायला सांगा.