निवृत्त पोस्टमास्तर वडिलांना मुंबईचं जीपीओ (मुख्य टपाल कार्यालय) दाखवायचंय, कधी आणि कसं नेऊ?

मिरजकर: आप्पांनी ३४ वर्षं पोस्टात काढली. मुंबई जीपीओचा शिक्का असलेली हजारो पत्रं हाताखालून गेली, इमारत मात्र कधी पाहिली नाही. पुढच्या महिन्यात महालक्ष्मी एक्सप्रेसने घेऊन येतोय. वय ७८, गुडघे दुखतात. आत सोडतात का? कुठल्या वारी यावं?

फोर्टातली: रविवारी अजिबात आणू नका. तिकिटं, पार्सलं, रांगा असं सगळं चालू असतानाच ती इमारत बघायची. चालू पोस्ट ऑफिस आहे, कामाच्या वेळेत कुणीही आत जातं. फोटो काढायचे असतील तर आधी विचारा.
सीएसएमटीला उतरल्यावर भुयारी मार्गाच्या पायऱ्या टाळा. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूने पी. डिमेलो रोडवर बाहेर पडा, सेंट जॉर्ज हॉस्पिटलवरून पुढे आलात की जीपीओच. आत गेल्यावर आप्पांना थेट घुमटाखाली मधोमध उभं करा आणि वर बघायला सांगा. घाई करू नका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मनिऑर्डर करायची विसरून तशीच उभी राहिले होते.

दगडधोंडे: आप्पांनी विजापूरचा गोल घुमट पाहिलाय का? पाहिला असेल तर त्यांना लगेच ओळख पटेल. वास्तुकार जॉन बेग यांनी जीपीओचा हा घुमट त्याच्यावरूनच घेतला. सोबत जॉर्ज विटेट होते, ज्यांनी नंतर गेटवे ऑफ इंडिया उभारलं. काम १९०४ ला सुरू झालं, १९१३ ला पुरं झालं. भिंती आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या, त्यात कुर्ल्याचा पिवळा दगड आणि ध्रांगध्र्याचा पांढरा. आत शिरण्याआधी भिंतीजवळ जाऊन हे तिन्ही रंग जरूर दाखवा, लांबून सगळं करडंच वाटतं.
मला सगळ्यात आवडते ती शेजारच्या स्टेशनशी तुलना. १८८८ सालचं स्टेशन टोकदार कमानींचं, गॉथिक. पंचवीस वर्षांनी पलीकडेच पोस्टासाठी ब्रिटिश वास्तुकार आदिलशाही घुमटाकडे वळले! भाटिया बागेपाशी उभं राहिलात तर दोन्ही दिसतात.

मिरजकर: विजापूर पाहिलंय, लग्नानंतर आईला घेऊन गेले होते. आता घुमटाचं सांगितल्यावर तेव्हाच्या गोष्टी निघाल्या.

फोर्टातली: मग एक करा. एक अंतर्देशीय घ्या, तिथेच बसून त्यांना आईंना पत्र लिहू द्या आणि तिथल्याच पेटीत टाका. जमलं तर फिलाटेलिक ब्युरोतही (टपाल तिकिटांच्या संग्राहकांसाठीच्या विभागात) डोकवा, जुन्या पोस्टमास्तरांचा तासभर सहज जातो. महापालिकेची इमारत स्टेशनसमोरच आहे, पण ती बाहेरूनच बघा. गुडघे दुखत असतील तर एका दिवसात एवढं पुरे.

मिरजकर: मंगळवारी पोचू असं आरक्षण केलं. आप्पा म्हणाले, अंतर्देशीय तिथून नको, माझ्याकडे आहे. कपाटातून काढून चष्म्याच्या डबीशेजारी ठेवलंय, पत्ताही लिहून झालाय.