पेटी क्र. २: अक्षरपत्त्यांची शिरोरेषा

प्रेषक: शिशुगट
मंडळी, पेटी क्र. २ मधले सँडपेपरचे पत्ते (मुलं बोट फिरवून गिरवतात ती खरखरीत अक्षरं) शनिवारी कोणी काढू नका. छत्तीसच्या छत्तीस अक्षरांवर एकच सलग पट्टी शिरोरेषा म्हणून चिकटवली आहे. ध आणि भ यांच्या डाव्या डोक्यावर रेघ नसते, तिथेही. बोट फिरवून पोर 'धर'ला 'घर' म्हणतं, यात त्याची काय चूक? 'ध'चा 'मा' एकदा झाला तेवढा पुरे. शुक्रवारपर्यंत नवा संच कोण करतंय?

प्रेषक: साहित्यपेटी
नवा संच कशाला? बिघडलेत मुख्यतः ध, भ, थ. पट्टी उचकटू नका, पुठ्ठा सोलून निघतो. डावीकडचा तुकडा कटरने कापा, उजवीकडचा दंडावर (उभ्या रेघेवर) राहू द्या, मधे ५-६ मिमी फट. पत्ते करायचेच असतील तर १२० नंबरचा कागद आणा. ६० नंबर बोट सोलतो, ४०० बोटाला लागतच नाही. अक्षर मागच्या बाजूने उलटं काढून कापा. सुलटं काढलंत तर आरशातला 'ग' तयार होतो. आणि कापायला घरातली जुनी कात्री घ्या, पेटीतली नको. आधीच बोथट केली आहे कोणीतरी.

प्रेषक: बालवर्ग, सकाळची तुकडी
सँडपेपर हवाच कशाला? ट्रेमध्ये काळा कागद, वर बारीक रव्याचा ३ मिमी थर. जाड थर दिला की खालचं काळं दिसत नाही आणि रेघ ढासळते. मूल आधी अक्षर काढतं, शिरोरेषा शेवटी. पट्टीचा वादच नाही. रवा कोरडा भाजून गार करून डब्यात भरा, नाहीतर किडे होतात.

प्रेषक: शिशुगट
ताई, रवा गव्हाचा! आपल्या गटात ग्लूटेन न चालणारं मूल आहे, फॉर्मवर लिहिलंय. तांदळाची इडली रवा चालेल, पण पाकिटामागचं वाचून घ्या. मीठ दमट हवेत गोळा होतं. रांगोळी मुळीच नको, तिची धूळ नाकात जाते.

प्रेषक: अभ्यासक्रम
शिशुगटाच्या कामात ढवळाढवळ करत नाही, पण क्रम कोणी ठरवला? क ख ग घ म्हणायला ठीक, गिरवायला ग म भ न. दंड एकदा जमला की चारही अक्षरांत कामाला येतो. घ आणि ध एका आठवड्यात आणू नका. छापील तक्त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे आहेत, तेही बदला. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितला होता. नोटो सॅन्स फाँट असेल तर मजकुराची भाषा 'मराठी' निवडा, बहुतेक वेळा तेवढ्याने आकार बदलतात.

प्रेषक: साहित्यपेटी
तक्ते साहित्यपेटीचे नाहीत. बालवर्गाने छापले.

प्रेषक: शिशुगट
पट्टी कापली. ध आणि थ सुटले. भ ची गाठ पट्टीबरोबरच निघून आली, आता तो नुसता तुटका म दिसतो. एक भ हवाय. १२० नंबर. आणि पेटीची किल्ली कोणाकडे आहे?