२२ एप्रिलचा त्रिनिदादचा मोर्चा बेळगावात कसा मांडायचा?

टिळकवाडी_वाचक:
आमच्या वाचन मंडळाने यंदा वसाहती कशा संपल्या हा विषय धरलाय. गोवा सत्याग्रहाच्या तुकड्या इथूनच गेल्या, ते घराघरात माहीत आहे, म्हणून जरा लांबचं काही घ्यावं असं ठरलं. निवडलाय कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीतला १९६० चा पावसातला मोर्चा. बेत असा: २२ एप्रिलला संध्याकाळी ५ वाजता काँग्रेस विहिरीपासून शहापूरपर्यंत तीस-चाळीस जणांनी फलक घेऊन चालायचं, पुढे त्रिनिदादचा झेंडा, दंडाला काळ्या फिती, आणि शेवटी त्या मोर्चाचे नेते एरिक विल्यम्स यांनी जाळले तसे सात कागद जाळायचे. यात काय चुकतंय? फलकांचं कापड, रंग, माप हेही सांगा. फ्लेक्स करावा का?

निपाणीचा_इतिहासवाला:
आधी झेंडा खाली ठेवा. लाल जमिनीवर काळा तिरका पट्टा हा झेंडा ३१ ऑगस्ट १९६२ ला, स्वातंत्र्याबरोबर आला. १९६० च्या देखाव्यात तो धरणं म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहात अशोकचक्र दाखवण्यासारखं. त्या वेळी त्रिनिदाद वेस्ट इंडिज संघराज्यात, म्हणजे तिथल्या ब्रिटिश वसाहतींच्या संघात होता. ३ जानेवारी १९५८ ला सुरू झालेल्या या संघराज्याचा झेंडा निळा, त्यावर चार पांढऱ्या लाटा आणि मधोमध नारिंगी-सोनेरी गोल. तोच करा.

दुसरं, हा मोर्चा कशासाठी होता ते नेमकं मांडा. "स्वातंत्र्यासाठी मोर्चा" एवढंच लिहिलंत तर अर्धं सुटलं. मागणी जमिनीची होती. सप्टेंबर १९४० मध्ये ब्रिटनने अमेरिकेकडून ५० जुन्या विनाशिका (युद्धनौका) घेतल्या आणि त्या व्यवहारात आपल्या वसाहतींमधल्या जागा तळांसाठी देऊ केल्या. १९४१ च्या कराराने त्रिनिदादच्या वायव्य टोकाचा चागुआरामास भाग ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेला. (तिकडे उच्चार "शॅगरामस"च्या जवळपास करतात.) पुढे संघराज्याची राजधानी कुठे, हा प्रश्न आला तेव्हा नेमकी हीच जागा निवडली गेली. घर आपलं, भाडेकरू परक्याने ठेवलेला, आणि पट्टा संपायचा २०४० च्या आसपास. चीड तिथली आहे.

२२ एप्रिल १९६०, शुक्रवार. पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडफर्ड चौकात सभा, कागदांची होळी, मग पावसात अमेरिकी वकिलातीकडे मोर्चा. चौकाचं नावही सांगा. विल्यम्स तिथे इतिहास आणि अर्थकारणावर जाहीर व्याख्यानं द्यायचे, म्हणून लोक त्याला "वुडफर्ड चौक विद्यापीठ" म्हणत. वाचन मंडळाला याहून जवळचं काय मिळणार!

एक पथ्य. "तिथले आपले भारतीय बांधवही मोर्चात लोटले" असं भाषणात येऊ देऊ नका. ३० मे १८४५ ला पहिलं जहाज पोचल्यापासून करारबद्ध भारतीय मजूर तिथे गेले हे खरं, पण १९६० मध्ये त्यांच्या वंशजांचा मोठा भाग विल्यम्स यांच्या विरोधी पक्षाबरोबर होता. ती फूट झाकली तर चित्र खोटं होईल.

खडेबाजार_कोपरा:
इतिहास झाला, आता रस्त्यावर या. बेळगावात मराठी फलक घेऊन चाळीस माणसं निघाली की बघणाऱ्याच्या डोक्यात सीमाप्रश्न येतो, त्रिनिदाद नव्हे. त्यात काळ्या फिती म्हणजे तर थेट १ नोव्हेंबर, इथल्या मराठी लोकांचा काळा दिन. १९६० शी त्यांचा संबंध नाही, काढून टाका.

चालायचंच असेल तर पोलिसांची लेखी परवानगी हवी. अर्ज कन्नडात, सोबत मराठी प्रत. मार्ग, सुरुवात-शेवटाची वेळ, माणसांची कमाल संख्या, ध्वनिक्षेपक आहे की नाही आणि दोन जबाबदार माणसांचे फोन त्यात असू द्या. फलकांवरचा मजकूर शब्दन् शब्द अर्जाला जोडा, हे बहुतेक जण विसरतात आणि अडतं तिथेच. प्रत्येक फलकावर मराठीखाली कन्नड ओळ घाला. माझं विचाराल तर मिरवणूकच नको. आवारात चाला: सभागृहाच्या अंगणात दोन फेऱ्या, मग आत व्याख्यान.

आणि जाळणं पूर्ण बाद. त्या होळीत १९४१ चा तळ-करार होता, एक दैनिक होतं, आणि वसाहतीची राज्यघटनाही होती. तुम्ही "राज्यघटना" लिहिलेला कागद पेटवलात की मोबाईलवर दहा सेकंदांची चित्रफीत फिरणार, आणि त्यात "त्रिनिदादची" हा शब्द ऐकूच येणार नाही. भारताची राज्यघटना जाहीर जागी जाळणं हा १९७१ च्या कायद्याने गुन्हा आहे. निष्पाप असलात तरी समजावत बसाल. त्यापेक्षा दगडी पाट्या घ्या, खडूने एकेक नाव लिहा, वाचून दाखवा आणि ओल्या फडक्याने पुसा. पावसातल्या मोर्चाला तेच शोभतं. पाटी आधी ओली नको, ओल्या पाटीवर खडू उठत नाही.

शहापूर_मांजरपाट:
फ्लेक्सचा विषयच नको, कर्नाटकात २०१६ पासून त्यावर बंदी आहे. मांजरपाट घ्या. ३ मीटर लांब, ९० सेंमी रुंद असा एक फलक दोन माणसांना झेपतो.

नव्या कापडात खळ असते. न धुता रंगवलंत तर रंग खळीवर बसतो आणि पहिल्या घडीलाच पापुद्रे सुटतात. गरम पाण्यात भिजवा, चोळून धुवा, वाळवून इस्त्री करा. कापड आटतं, म्हणून धुतल्यावरच माप घेऊन कापा. रंग कापडाचा ॲक्रिलिक घ्या. पोस्टर कलर स्वस्त पडतो, पण सर आली की अक्षरं ओघळून खालच्या कन्नड ओळीवर येतात, आणि मग दोन्ही भाषा वाचता येत नाहीत. रंगवल्यावर २४ तास सावलीत ठेवा, नंतर उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवा.

अक्षर किती मोठं? रस्त्यापलीकडून वाचता यायला शिरोरेषेपासून पायापर्यंत १२ सेंमी धरा. वेलांटी-मात्रेला वर ५ आणि उकाराला खाली ५ सोडा, म्हणजे एक ओळ २२ सेंमीची झाली. ९० सेंमीत मराठीच्या दोन, कन्नडची एक आणि कडेची दुमड, बास. चौथी ओळ कोंबली की सगळंच बारीक होतं.

वेळ मात्र बदला. एप्रिलअखेर आपल्याकडे वळीव बहुधा दुपारनंतरच येतो, आणि पावसाआधी जो वारा सुटतो तो फलकाचं शीड करतो. बांबू हातातून सुटतो तो तेव्हा. कापडात चार-पाच अर्धगोल चिरा द्या, प्रत्येक १० सेंमीची, उघडी बाजू खाली. चिरेच्या दोन्ही टोकांना टाका मारा, नाहीतर तिथूनच फाटत जातं. सकाळी ८ ला सुरू केलंत तर यातलं निम्मं लागणार नाही.

टिळकवाडी_वाचक:
सकाळी ८, आवारात, पाट्या. ठरलं. एका सभासदाचं म्हणणं, त्याऐवजी त्रिनिदादमधलीच १८८४ ची मोहरमची मिरवणूक घ्यावी, आपल्या खेड्यांत पीर बसतात म्हणून लोकांना लगेच कळेल. ३० ऑक्टोबर.

निपाणीचा_इतिहासवाला:
विषय जबरदस्त आहे. तिकडे त्याला "होसे" म्हणतात, हुसेनचं झालेलं रूप. ऊसमळ्यांतले मजूर, त्यांत हिंदूही, ताबूत घेऊन सान फर्नांडोकडे निघाले. सरकारने शहरात यायला बंदी केली होती, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. पण ती स्वातंत्र्याची मागणी नव्हती, आपली रीत पाळण्याचा हक्क होता. एका कार्यक्रमात दोन्ही बसवू नका, वेगळा दिवस द्या.

खडेबाजार_कोपरा:
वेगळा दिवस द्या, पण ३० ऑक्टोबर नको. दोन दिवसांवर १ नोव्हेंबर, एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिन. त्या आठवड्यात परवानगी कोण देणार?

टिळकवाडी_वाचक:
बरं, मोहरमचं पुढच्या वर्षी बघू. ३१ ऑगस्टला स्वातंत्र्यदिनाचं छोटं व्याख्यान ठेवलं तर लाल झेंडा चालेल ना? माप?

शहापूर_मांजरपाट:
तेव्हा चालेल. उंची-लांबी ३:५. लांबी १५० सेंमी धरा, उंची ९०. तिरका पट्टा एकूण लांबीच्या पाचव्या हिश्शाएवढा, म्हणजे ३० सेंमी: पांढरा ५, काळा २०, पांढरा ५. काठीकडच्या वरच्या कोपऱ्यातून निघून समोरच्या खालच्या कोपऱ्यात जातो. रुंदी पट्ट्याला काटकोनात मोजा. आडवी मोजली की पट्टा बारीक येतो, शिंप्याला हे आधी काढून दाखवा. मागची बाजू शिवताना पट्टा उलटा जातो, तेव्हा एकाच कापडावर आरपार रंग किंवा दोन्हीकडून जोडकाम, यातलं एक ठरवून कापड आणा.